तंगूस आणि लव्हाळी

अमेरिकेतला बास मासा गळाला लागणं सोपं, लव्हाळ्यांतून बाहेर काढणं महाकठीण. गरी रुतली की पठ्ठ्या देठांनाच वेढा घालतो.

पूर्वी रेशमी दोरे असत, दर वेळी वाळवत बसा! १९३८ मध्ये ड्यूपाँने नायलॉन जाहीर केलं आणि ते हळूहळू मागे पडले. (आपला तंगूस तो हाच.) पण नायलॉन ताणलं जातं. माझ्या मते पहिला खरा तोडगा दोऱ्याचा नव्हताच, काठीचा होता. कॅलिफोर्नियाचा डी थॉमस लांबलचक काठीने लव्हाळ्यांच्या फटीत आमिष अलगद सोडायचा. इतर स्पर्धकांनी कुरकुर केली, काठीच्या लांबीवर मर्यादा आली. मग त्याने तेच आखूड काठीने जमवलं, ते 'फ्लिपिंग'! १९७५ मध्ये अर्कान्सासच्या बुल शोल्स तलावावर तो स्पर्धा जिंकला आणि कुरकुरणारेही शिकू लागले.

१९९० च्या दशकात पॉलिथिलीनचा विणलेला दोरा आला. ताण जवळजवळ नाही, कोवळे देठ तर कापतच येतो. म्हणून दाट पाणवनस्पतींत आता ५०-६५ पौंडी विणलेला दोरा आणि ताठ काठी. खडकावर मात्र तो घासून तुटतो, आणि तुटलेला कुजत नाही. पाणपक्ष्यांचे पाय अडकतात. मी तुकडे खिशात घालून घरी आणतो.