तळटीप : स्तनातली गाठ आणि हत्तीरोगाचा कृमी

* सिंधुदुर्ग जिल्हा महाराष्ट्रातल्या हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत गणला गेला आहे. हत्तीरोग म्हटले की सुजलेला पायच डोळ्यांपुढे येतो. पण वुचेरेरिया बॅनक्रॉफ्टाय हा हत्तीरोगाचा कृमी स्तनातल्या लसिकावाहिन्यांतही राहतो. तिथली कडक, बहुधा न दुखणारी गाठ, जाड झालेली त्वचा आणि काखेतली सूज पाहून कर्करोगाचीच शंका येते, आणि ती आधी तपासलीच पाहिजे. बारीक सुईने काढलेल्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखाली सूक्ष्मकृमी, म्हणजे या कृमीच्या अळ्या, दिसू शकतात. सोनोग्राफीत जिवंत कृमींची वळवळही दिसते. मध्यरात्रीच्या आसपास घेतलेल्या रक्तात सूक्ष्मकृमी सापडले नाहीत, तरी रोग नाही असे ठरत नाही. निदान पक्के झाले, तर बहुधा डीईसी या कृमिनाशक औषधाच्या गोळ्या पुरतात आणि बाईचा स्तन वाचतो. — संपादक