बुद्धिबळाच्या दोन रीती

बुद्धिबळाचे नियम शिकावयास एक संध्याकाळ पुरते, असें आपण सहज म्हणतों. परंतु अंगवळणीं पडलेले नियम टाकून दुसरे उचलणें किती कठीण, याचा विचार क्वचितच होतो. मीर सुलतान खान यांचें चरित्र या दृष्टीनें आम्हांस मननीय वाटतें.

पंजाबांतील हे खेळाडू बालपणीं देशी रीतीनें खेळावयास शिकले. त्या रीतींत प्यादें पहिल्या चालीसही एकच घर चाले. किल्लेकोट नसे, त्याऐवजीं राजाला एकदांच घोड्याची चाल मिळे. आणि शेवटच्या ओळींत पोंचलेलें प्यादें, ज्या मोहऱ्याचें तें घर, तेंच मोहरें होई. भेद दिसावयास लहान. पण त्यानें डावाचा आरंभच पालटतो. देशी डावांत सैन्याची मांडणी सावकाश होते. युरोपीय डावांत दोनचार चालींतच पटाच्या मध्यभागीं झुंज जुंपते.

या दोन रीतींची गांठ जुनी आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत बुद्धिबळग्रंथाचें इंग्रजी भाषांतर मुंबईस १८१४ सालींच छापलें गेलें, व तें युरोपीय रीतीस अनुसरून होतें. सुलतान खान यांनीं मात्र ती रीत विशी उलटल्यावर आत्मसात केली. पुढें सर उमर हयात खान यांच्यासमवेत ते इंग्लंडांत गेले आणि १९२९ सालीं तेथील अजिंक्यपद त्यांनीं मिळविलें. १९३२ व १९३३ सालींही तें त्यांच्याचकडे आलें. हेस्टिंग्ज येथें १९३०-३१ च्या स्पर्धेंत तर त्यांनीं माजी जगज्जेते कापाब्लांका यांस हरविलें. आरंभाच्या चालींत ते कच्चे, पण डावाच्या अखेरीस फार बळकट, असें त्यांच्या खेळाचें वर्णन केलें जातें. यांत नवल नाहीं. आरंभ नियमांनीं बांधलेला असतो. मोजकीं मोहरीं उरलीं म्हणजे दोन्ही रीती पुष्कळ अंशीं एक होतात, आणि तेथें मूळची समज उपयोगी पडते.

१९३३ नंतर ते मायदेशीं परतले. १९६६ सालीं ते वारले. जागतिक बुद्धिबळ संघटनेनें त्यांस सन्मान्य ग्रँडमास्टर ही पदवी दिली ती २०२४ सालीं!

देशी रीत आज जवळजवळ लोपली आहे. ती सदोष होती म्हणून नव्हे. जगाशीं खेळावयाचें तर जगाचेच नियम घ्यावे लागतात म्हणून. इंग्रजी विद्येवर वाढलेल्या आम्हांस हा अनुभव परका नाहीं. नवे नियम अवश्य शिकावे. परंतु जुन्या पटावर कमावलेली समज त्यांबरोबर टाकून देऊं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे.