स्टिअरिंग जड, इंजिन गरम : जुन्या मोटारीतील दोष कसा ओळखावा

भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली आणि कारखान्याच्या निमित्ताने विदर्भातील अनेक मराठी कुटुंबे या परिसरात स्थायिक झाली. उन्हाळ्याच्या सुटीत राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा या मार्गे नागपूरपर्यंतचा सुमारे २७० किलोमीटरचा प्रवास ही त्यांच्यासाठी नित्याची बाब आहे. मे महिन्यात या पट्ट्यातील तापमान अनेकदा ४४ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. मोटार दहा-पंधरा वर्षे जुनी असल्यास अशा प्रवासात दोन तक्रारी वारंवार उद्भवतात : स्टिअरिंग जड होणे आणि इंजिन तापणे. या दोन तक्रारी एकमेकींशी संबंधित आहेत की स्वतंत्र, हे प्रथम ठरवणे आवश्यक असते.

दोन्ही लक्षणे एकाच वेळी

अनेक जुन्या मोटारींत इंजिनाच्या पुढील बाजूचा एकच बेल्ट स्टिअरिंगचा पंप, पाण्याचा पंप आणि बॅटरी भारित करणारा अल्टरनेटर फिरवतो. चालत्या गाडीत स्टिअरिंग अचानक जड झाले, बॅटरीचा लाल दिवा लागला आणि तापमानाचा काटा चढू लागला, तर हा बेल्ट तुटल्याची किंवा निसटल्याची शक्यता सर्वाधिक असते. अशा वेळी पुढचे गाव गाठण्याचा मोह टाळावा. पाणी फिरणे थांबल्यामुळे काही मिनिटांतच सिलिंडर हेड वाकू शकते आणि काही शे रुपयांच्या बेल्टऐवजी संपूर्ण इंजिनाचा खर्च पदरी पडतो. स्टिअरिंग जड झाले तरी चाके वळतात. त्यामुळे दोन्ही हातांनी जोर लावून गाडी कडेला घ्यावी. गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली मात्र काढू नये, अन्यथा स्टिअरिंगला कुलूप लागू शकते.

काही मोटारींत पाण्याचा पंप टायमिंग बेल्टवर चालतो, तर काहींत स्टिअरिंगसाठी वेगळा बेल्ट असतो. आपल्या गाडीतील रचना पुस्तिकेत पाहून ठेवावी.

केवळ स्टिअरिंग जड असल्यास

प्रथम टायरमधील हवा तपासावी, कारण कमी हवेमुळेही स्टिअरिंग जड होते. वळवताना घरघर ऐकू येत असेल, तर डबीतील तेल कमी झालेले असते किंवा त्यात हवा शिरलेली असते. हवा असल्यास तेलावर फेस दिसतो. कर्कश किंचाळल्यासारखा आवाज सैल बेल्टचा असतो. तेल काळपट झाले असून त्याला जळका वास येत असेल, तर ते बदलावे. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून काही सेकंदांहून अधिक काळ धरून ठेवू नये; त्यामुळे तेल तापते आणि पंपावर ताण येतो.

विजेवर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगमध्ये सहसा तेल नसते. तेथे बॅटरी, फ्यूज आणि इशारा देणारा दिवा पाहावा.

केवळ इंजिन तापत असल्यास

निम्मे इथिलीन ग्लायकॉल आणि निम्मे पाणी या मिश्रणाचा उत्कलनबिंदू सुमारे १०७ अंश असतो. रेडिएटरचे झाकण साधारण एक बार दाब राखत असेल, तर तो १२५ अंशांच्या आसपास जातो. म्हणूनच झाकणाचे रबर झिजले तरी कूलंट लवकर उकळते. गाडी वाहतुकीत अडकली असतानाच काटा चढत असेल, तर विजेचा पंखा किंवा त्याचा फ्यूज तपासावा. महामार्गावर वेगात काटा चढत असेल, तर रेडिएटर तुंबणे किंवा थर्मोस्टॅट अडकणे ही संभाव्य कारणे ठरतात. गळती दिसत नसतानाही कूलंट कमी होणे, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येणे, इंजिन ऑइल दुधाळ दिसणे ही हेड गॅस्केट निकामी झाल्याची लक्षणे होत. अशी गाडी चालवू नये.

गळती कशाची?

रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी दिसणारा डाग कूलंटचा की स्टिअरिंगच्या तेलाचा, हे केवळ रंगावरून ठरवता येत नाही, कारण दोन्ही तांबूस असू शकतात. गळणारा थेंब वाटीभर पाण्यात टाकावा. तेल वर तरंगते, तर कूलंट पाण्यात मिसळते. रंग आणि वास नसलेले पाणी बहुधा वातानुकूलन यंत्राचे असते आणि तो दोष नव्हे.

घ्यावयाची खबरदारी

इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाबाखालील उकळते द्रव उसळून चेहरा व हात गंभीर भाजतात. किमान अर्धा तास थांबून इंजिन निवाल्याची खात्री करावी. बोअरचे जड पाणी सतत वापरल्यास रेडिएटरमध्ये क्षार साचतात, म्हणून कूलंटमध्ये शुद्ध केलेले पाणीच मिसळावे. कूलंट चवीला गोड पण विषारी असते. लहान मुले व जनावरे यांच्या आवाक्यात ते सांडू देऊ नये.

प्रवासाला निघण्यापूर्वी थंड इंजिनावर कूलंटची पातळी, स्टिअरिंगचे तेल आणि बेल्टवरील भेगा पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. बेल्टवर भेगा दिसल्यास तो निघण्यापूर्वीच बदलून घेणे हिताचे.