नकाशातली वाट

दिवाळीच्या आधीचा एक रविवार आमच्या हातकणंगल्याच्या घरी माळा झाडण्यासाठी राखून ठेवलेला असतो. वर्षभर ज्या वस्तूंची कुणाला आठवणही होत नाही, त्या त्या दिवशी अंगणात उन्हाला येऊन बसतात. यंदा वडिलांची पत्र्याची ट्रंक खाली आली. तिच्यात त्यांच्या जावा मोटारसायकलचे दोन पाने निघाले, एक फुटका गॉगल निघाला, आणि सगळ्यांच्या तळाशी घडी घातलेला महाराष्ट्राचा रस्त्यांचा नकाशा निघाला. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात घेतलेला. घड्यांवर तो विरत चालला होता, म्हणून वडिलांनी त्याला मागून मांजरपाट चिकटविला होता.

माझा पुतण्या आपली बुलेट पुसत बसला होता. त्याने नकाशाकडे पाहिले आणि हसून विचारले, “काका, हे आता कशाला ठेवायचं? सगळं फोनात आहे की!”

मी मॅट्रिक झालेला चित्रकलेचा मास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. भूगोलाचा किंवा यंत्रविद्येचा अधिकार मला नाही. परंतु शाळेत भूगोलाच्या मास्तरांना फळ्यावर नकाशे काढून देण्याचे काम कित्येक वर्षे माझ्याकडे आहे. त्यामुळे पोराचा प्रश्न मनात घोळत राहिला. फोनात सगळे आहे, हे खरे. पण ते तिथे आले कुठून? आणि खरोखरच सगळे आहे का?

ही गोष्ट सुरू होते मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटपाशी. १८०२ च्या एप्रिलमध्ये विल्यम लॅम्बटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तिथे पोलादी साखळीने सुमारे साडेसात मैलांची एक सरळ रेषा मोजली. एवढ्या कामाला त्याला सुमारे दोन महिने लागले. रेषा इतकी काटेकोर मोजण्याचे कारण असे, की तिच्यावर पुढे सारा हिंदुस्थान उभा राहावयाचा होता. युक्ती आपण शाळेत शिकलेलीच आहे. त्रिकोणाची एक बाजू ठाऊक असली आणि तिच्या दोन्ही टोकांवरचे कोन मोजता आले, की उरलेल्या दोन बाजू घरबसल्या गणिताने निघतात. दूरच्या टेकडीपर्यंत चालत जाऊन अंतर मोजावे लागत नाही. निघालेली बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते, आणि असे त्रिकोणामागून त्रिकोण रचीत माणूस कन्याकुमारीपासून हिमालयापर्यंत पोहोचतो.

कोन मोजण्याचे त्याचे यंत्र, म्हणजे थोर थिओडोलाइट, अर्ध्या टनाचे होते. ते डोक्याखांद्यांवरून टेकड्यांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढवावे लागे. १८०८ साली तंजावरच्या देवळावर चढविताना ते आदळले आणि त्याचे वर्तुळ वाकले. लॅम्बटनने स्वतःला कोंडून घेऊन कित्येक आठवडे ठोकून-वळवून ते सरळ केले आणि काम पुढे चालू ठेवले. त्याचा शेवट मात्र आपल्या मुलखात झाला. २० जानेवारी १८२३ रोजी नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला त्याचा देह पडला, आणि त्याची कबरही तिथेच आहे. त्याचे काम जॉर्ज एव्हरेस्टने पुरे केले. जगातल्या सर्वोच्च शिखराला पुढे एव्हरेस्टचे नाव मिळाले. लॅम्बटनचे नाव हिंगणघाटातसुद्धा किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे! आणि ज्यांनी ते अर्ध्या टनाचे धूड उचलले, साखळ्या ओढल्या, तापाने रानात जीव सोडले, त्या खलाशांची नावे तर कुठल्याच नकाशावर नाहीत.

जिथे यंत्र नेता येत नव्हते तिथे माणसाचे पायच यंत्र झाले. कुमाऊंचा नैनसिंह रावत हा शाळामास्तर होता, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. १८६५-६६ मध्ये तो यात्रेकरूच्या वेषात ल्हासापर्यंत गेला. त्याच्या हातातल्या माळेत एकशेआठऐवजी शंभर मणी होते. शंभर पावलांना एक मणी ओढावयाचा. लोकांना वाटे, हा नामस्मरण करीत आहे. प्रत्यक्षात तो तिबेट मोजीत होता. टिपणे ठेवावयाची ती प्रार्थनाचक्रात. उकळत्या पाण्यात उष्णतामापक बुडवून तो जागेची उंची काढी.

अशा कष्टांतून भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे तयार झाले. साऱ्या देशाची चौकटी-चौकटीत वाटणी करून प्रत्येक चौकटीला क्रमांक दिलेला आहे. आमचा कोल्हापूर-हातकणंगल्याचा मुलूख ‘४७ एल’ या चौकटीत येतो. पूर्वी या नकाशांत एका मैलाला एक इंच असे माप होते. दशमान पद्धत आल्यावर एका किलोमीटरला दोन सेंटिमीटर झाले. विहिरी, देवळे, पाऊलवाटा, टेकड्यांच्या समोच्चरेषा, सारे त्यात असे. मात्र सरहद्दीच्या आणि समुद्रकिनाऱ्याच्या पट्ट्यातले हे मोठे नकाशे संरक्षणाच्या कारणास्तव सामान्य माणसाला मिळत नसत. घाट उतरून कोकणात जाणाऱ्या आमच्यासारख्यांच्या नशिबी बाजारात मिळणारा रस्त्यांचा नकाशाच असे.

वडिलांचा नकाशा तसलाच. १९५५ मध्ये मद्रासला बुलेट बनू लागली, १९६१ मध्ये म्हैसूरला जावा, आणि पुढच्याच वर्षी राजदूत आली. त्या गाड्यांनी मध्यम स्थितीतल्या माणसाला पहिल्यांदाच आगगाडीच्या वेळापत्रकातून आणि एस.टी.च्या रांगेतून मोकळे केले. वडिलांनी जुनी जावा घेतली आणि वर्षातून दोनदा तरी ते दूरच्या प्रवासाला निघत. आदल्या रात्री जेवणे झाली की नकाशा जमिनीवर पसरला जाई. चारी कोपऱ्यांवर वाटी, फुलपात्र, अडकित्ता आणि माझी पाटी. मग वडील बोट फिरवीत गावांची नावे मोठ्याने वाचीत आणि आम्ही भावंडे ती पाठ करीत असू. निघण्यापूर्वीच अर्धा प्रवास आमच्या घरात होऊन जाई. वाटेत उलगडा करावयाचा तो रस्त्याकडेच्या दगडांवरून. पिवळ्या डोक्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या डोक्याचा राज्य मार्गाचा, काळ्या डोक्याचा जिल्ह्याचा. दगड संपले की पारावरची माणसे!

आता आकाशाकडे वळू. १९७८ पासून अमेरिकेच्या लष्कराने दिशा दाखविणारे उपग्रह सोडावयास सुरुवात केली. ते त्यांच्या सैन्यासाठी होते. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियाचे एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले. २६९ माणसे मेली. वाट चुकण्याची एवढी भयंकर किंमत जगाने क्वचितच पाहिली असेल. त्यानंतर अमेरिकेच्या अध्यक्षांनी जाहीर केले, की ही व्यवस्था पुरी झाल्यावर सर्वांना विनामूल्य वापरता येईल. १९९५ मध्ये चोवीस उपग्रहांची माळ पुरी झाली. तरीही इतरांच्या वाट्याच्या खुणेत मुद्दाम चूक मिसळलेली असे. मे २००० मध्ये ती काढून टाकली, आणि मग मोटारीत व पुढे खिशातल्या फोनात वाटाड्या येऊन बसला. आपल्या देशानेही २०१३ ते २०१६ या काळात स्वतःचे सात उपग्रह सोडले. त्या व्यवस्थेचे नाव ‘नाविक’. फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारने नकाशे करण्यावरची व वापरण्यावरची बरीचशी जुनी बंधनेही उठविली.

मौज अशी, की या नव्या विद्येच्या मुळाशी लॅम्बटनचीच युक्ती आहे. तो कोन मोजी; हे उपग्रह वेळ मोजतात. वीस हजार किलोमीटरांवरून निघालेला संदेश फोनाला पोहोचण्यास किती वेळ लागला, त्यावरून अंतर निघते. चार उपग्रहांपासूनची अंतरे जुळवली, की आपण कुठे उभे आहोत ते कळते. प्रकाश सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात तीनशे मीटर जातो. तेव्हा घड्याळ किती चोख हवे याची कल्पना करावी. आइन्स्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे त्या उपग्रहांवरची घड्याळे पृथ्वीवरच्या घड्याळांपेक्षा दररोज सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांपैकी ३८ भाग पुढे जातात. ही चूक सुधारली नाही, तर एका दिवसात दहा किलोमीटरांचा घोटाळा होईल. म्हणजे हातकणंगल्याला उभा असलेला माणूस फोनाला रुकडीच्या आसपास दिसेल!

इतके सगळे ऐकून पुतण्या म्हणाला, “मग मी तेच म्हणतोय की, काका.” मी म्हटले, “खोचीचा बंधारा आठवतो का रे?” तो गप्प झाला.

तीन-चार वर्षांपूर्वीच्या आषाढातली ती गोष्ट. आम्ही दोघे त्याच्या बुलेटवरून वारणेपलीकडून परत येत होतो. रात्र पडली होती, पाऊस भुरभुरत होता. फोनाने दुधगावावरून खोचीची वाट दाखविली. जवळची, सरळ वाट. वारणेवर तिथे बंधारा आहे. वाचकांपैकी जे आमच्या बाजूचे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणजे नदीत दगडी खांब उभारावयाचे, त्यांच्या खाचांत बरगे घालून हिवाळ्या-उन्हाळ्यात पाणी अडवावयाचे, आणि पावसाळ्यापूर्वी बरगे काढून नदीला मोकळी करावयाची. वरून माणसांना आणि गाड्यांना जाण्याजोगी वाट असते. पूर आला की ती पाण्याखाली जाते. इथे पाऊस नसला तरी वर चांदोलीतून पाणी सुटले म्हणजे वारणा चढते.

गाडीच्या उजेडात काळा, ओला रस्ता पुढे जाताना दिसत होता. पुतण्या वेग कमी करीना, कारण फोनावरची निळी रेघ सरळ पलीकडे गेली होती. इतक्यात कडेच्या एका गोठ्यातून बॅटरी हलली आणि हाक आली, “ओ पाव्हणं! थांबा! बंधाऱ्यावर पाणी हाय!” पुतण्याने करकचून ब्रेक दाबला. मी उतरून पुढे गेलो. ज्याला आम्ही ओला रस्ता समजत होतो, तो वीस-पंचवीस पावलांवर संपला होता आणि त्यापुढे नदी वाहत होती. आवाजसुद्धा नव्हता. त्या म्हाताऱ्याने आम्हांला गोठ्यात बसवून चहा पाजला आणि म्हणाला, “म्हशीबी जात न्हाईत ह्या दिसांत तिकडं.” मग सांगली-जयसिंगपुराकडून मोठा वळसा घेऊन आम्ही मध्यरात्री घरी आलो. वहिनी दारातच उभ्या होत्या. त्यांना आम्ही काही सांगितले नाही.

आमच्या नशिबात तो गोठा होता. सर्वांच्याच असतो असे नाही. जानेवारी २०२१ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, फोनाच्या भरवशावर रात्री निघालेली एक मोटार धरणाच्या पाण्यात बुडालेल्या पुलावर गेली, आणि एक माणूस प्राणाला मुकला.

यात उपग्रहांचा दोष काय? आम्ही कुठे आहोत ते त्यांनी हातभराच्या नाही तरी दहा-पाच मीटरांच्या फरकाने बरोबर सांगितले होते. उलट जुने कागदी नकाशे एव्हरेस्टने धरलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले आहेत. त्यावरची जागा आणि फोनातली जागा यांत आमच्या भागात शंभरएक मीटरांचा फरक पडतो. अचूकपणात कागद हरला, हे मी मोकळ्या मनाने कबूल करतो. पण नदी आज किती चढली आहे, हे ना त्रिकोणाला कळते ना घड्याळाला. कागदाचे अज्ञान आम्हांला ठाऊक होते, म्हणून वडील दर दहा मैलांवर गाडी थांबवून विचारीत. फोनाचे अज्ञान आम्हांला ठाऊक नव्हते, म्हणून आम्ही विचारले नाही. सबंध वाटेत पाच गावे लागली. पाचही गावांत पारावर माणसे होती.

असो. त्या रविवारी बोलता-बोलता पुतण्याने नकाशा उन्हात पसरला. वारणेच्या निळ्या रेघेवर त्याचे बोट थांबले. “काका, हे बघा.” छापील नकाशात तिथे वाट नव्हतीच. पण वडिलांनी शिसपेन्सिलीने एक बारीक तुटक रेघ ओढली होती, आणि तिच्याशेजारी त्यांच्या किरट्या अक्षरात लिहिले होते: ‘खोचीजवळ उतार. मृगानंतर बंद. विचारून जाणे.’

पुतण्या बराच वेळ ते अक्षर पाहत राहिला. आजोबांना त्याने पाहिलेले नव्हते. मग तो म्हणाला, “फोनातसुद्धा कळवता येतं, काका, वाट बंद आहे म्हणून. मी त्या रात्री कळवलंच नाही.” आणि त्याने फोन काढला.

नकाशा पुन्हा माळ्यावर गेला नाही. त्याच्या घड्यांना नवा मांजरपाट लावून मी तो पुतण्याच्या गाडीच्या पेटीत ठेवला आहे. पाडव्याला तो मित्रांबरोबर कोकणात उतरणार आहे. आदल्या रात्री नकाशा जमिनीवर पसरावयाचा, असे आमचे ठरले आहे. वाटी, फुलपात्र आणि अडकित्ता घरात आहेत. चौथ्या कोपऱ्यावर फोन ठेवू.