पुंगळी का काढतात?

गावाकडे नवीन बुलेट दारात आली की पेढे वाटून होईपर्यंत कोणीतरी विचारतंच, "पुंगळी काढली का रे?" ॲव्हरेजचा प्रश्न नंतर येतो. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी : सायलेन्सरच्या आत शेपटाकडे छिद्रांची एक नळी असते. मॅन्युअलमध्ये तिला बॅफल म्हणतात, गॅरेजमध्ये पुंगळी किंवा जाळी. ती काढली की गाडी मोकळी होते, असं म्हणतात. आवाज तर मोकळा होतोच.

गाव म्हणजे लोणी. लोणी म्हटलं की ऑफिसातले लोक लोणी काळभोरला नेऊन पोचवतात, नाहीतर लोणी कंदला, आणि नगरकडचे असतील तर थेट प्रवरेला. आमचं लोणी आंबेगाव तालुक्यात, पूर्वेला, धामणीजवळ. तालुक्याची पश्चिम बाजू भीमाशंकरच्या पावसाची आणि आमची बाजू टँकरची, असा सगळा मामला. गाड्यांचे नंबर मात्र एमएच १४, म्हणजे पिंपरी-चिंचवडचे.

तर मंडळी, प्रश्न असा की पुंगळी काढल्याने गाडी जोरात पळते ही समजूत आली कुठून? कारण आजच्या गाड्यांच्या बाबतीत ती जवळपास पूर्ण चुकीची आहे, आणि तरीही ज्याला विचाराल तो छातीठोकपणे तेच सांगतो. इतक्या लोकांना एकच गोष्ट इतक्या खात्रीने वाटते तेव्हा ती कधीतरी, कुठेतरी खरी असलेली असते, असा माझा (प्रोग्रॅमरचा) अनुभव आहे. जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र ओळ दिसली की ती उडवण्याआधी ती कोणी आणि कशासाठी लिहिली हे शोधावं लागतं. तसं थोडं शोधलं.

उत्तर टू-स्ट्रोकच्या धुरात आहे.

आपल्याकडच्या खेड्यापाड्यांत मोटरसायकल आली ती मुख्यतः टू-स्ट्रोक म्हणून. १९६१ मध्ये म्हैसूरला जावा बनू लागली. त्यामागचे रुस्तम इराणी मुंबईत जावा गाड्या आयात करून विकत. आयात बंद झाली म्हणून कारखानाच काढला. १९७३ पासून त्याच गाडीचं नाव येझदी झालं. दुसरीकडे एस्कॉर्ट्सची राजदूत, पोलंडच्या एसएचएल गाडीवर बेतलेली. दुधाचे कॅन लटकवलेली राजदूत आणि नंतर बजाजची एम-८० ज्याने पाहिली नाही त्याने ग्रामीण महाराष्ट्र पाहिला नाही, असं मी बिनधास्त म्हणेन.

टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं. राजदूत-येझदीत तर ते टाकीतच मिसळायचं. पंपावरचा माणूस अंदाजाने ओतणार, वर "इंजिनाला बरं असतं" म्हणून मालक अजून थोडं ओतायला लावणार. हे जास्तीचं ऑइल अर्धवट जळून जायचं कुठे? सायलेन्सरमध्ये, काळ्या चिकट कार्बनच्या रूपात. पुंगळीची छिद्रं बुजायची आणि इंजिनाचा श्वास कोंडायचा. चढावर गाडी दम टाकायची.

म्हणून कंपन्यांनीच पुंगळी काढता येईल अशी केली होती. येझदीला दोन सायलेन्सर (सिलिंडर एकच, तरी दोन!), दोन्हींच्या पुंगळ्या काढून साफ करता यायच्या. यामाहाच्या आरएक्स १०० ला मागे एक छोटा बोल्ट, तो काढला की पुंगळी बाहेर. मेस्त्री ती भट्टीत लाल करायचा, नाहीतर कॉस्टिक सोड्यात बुडवून ठेवायचा. ठोकून, घासून परत बसवायची. ही साधी देखभाल होती, डीकार्बनायझिंग.

आता त्या गिऱ्हाइकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. कोंडलेली गाडी घेऊन तुम्ही गॅरेजला आलात. मेस्त्रीने पुंगळी काढून सोड्यात टाकली आणि म्हणाला, "तवर एक चक्कर मारून या." तुम्ही बिनपुंगळीची गाडी रस्त्यावर काढलीत आणि ती सुसाट सुटली. आवाज दुप्पट, पळणंही दुप्पट. तुम्ही काय निष्कर्ष काढाल? पुंगळी हाच गाडीचा शत्रू! शत्रू खरं तर कार्बन होता. साफ केलेली पुंगळी परत लावूनही गाडी जवळजवळ तितकीच पळाली असती, पण तोवर मन बनलेलं असायचं. माझा तर्क असा की ही समजूत अशी, एकेका गॅरेजसमोर, एकेका चक्करमध्ये तयार झाली.

आणि याच्यात भर पडली ती खऱ्या शास्त्राची. थोडं विषयांतर वाटेल, पण गोष्ट भारी आहे.

टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर हा नुसता आवाज दाबणारा डबा नसतो, तो इंजिनाचाच भाग असतो. धूर बाहेर पडतो तेव्हा दाबाची एक लाट नळीतून ध्वनीच्या वेगाने पळते. नळी पुढे रुंदावत गेली तर उलटी, ओढणारी लाट परत येते आणि सिलिंडरमधला उरलेला धूर खेचून घेते. त्यापुढे नळी पुन्हा निमुळती केली तर ढकलणारी लाट परतते आणि बाहेर निसटू पाहणारं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण सिलिंडरमध्ये परत कोंबते. वेळ अचूक जुळली तर फुकटची ताकद. हे तंत्र टोकाला नेलं पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीतल्या वाल्टर काडेन या इंजिनिअरने. युद्धकाळात पेनेम्युंडेच्या रॉकेट केंद्रात काम केलेला हा माणूस. १९६१ मध्ये त्याच्या १२५ सीसी इंजिनाने २५ हॉर्सपॉवर गाठली, म्हणजे लिटरमागे २००. तेव्हा हे अचाट होतं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एमझेडचा रेसर अर्न्स्ट डेगनर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पळाला. बर्लिनची भिंत नुकतीच उभी राहिली होती. त्याच्या बायकोमुलांना गाडीच्या डिकीत लपवून पश्चिमेकडे आणलं गेलं. काडेनचं तंत्र घेऊन तो सुझुकीकडे गेला आणि पुढच्याच वर्षी सुझुकीने ५० सीसीचं जागतिक विजेतेपद पटकावलं, डेगनरच गाडीवर होता. मग सगळ्याच जपानी कंपन्या या लाटांच्या खेळात उतरल्या. १९८५ मध्ये आपल्याकडे आलेली आरएक्स १०० ही त्याच घराण्यातली. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर आणि तो ठणठणीत आवाज.

सायलेन्सरवर ताकद किती अवलंबून असते याचा एक देशी पुरावाही आहे. एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये यामाहाची आरडी ३५० 'राजदूत ३५०' म्हणून आणली. सुरुवातीची गाडी साधारण ३०.५ हॉर्सपॉवरची. लोकांना ॲव्हरेज परवडेना, म्हणून कंपनीने नंतरच्या गाडीत इतर बदलांबरोबर धुराची वाट अरुंद केली आणि ताकद २७ च्या आसपास आणली. आजही शौकीन लोक 'एचटी की एलटी' हा वाद घालतात. म्हणजे सायलेन्सर बदलला की गाडी बदलते, हे डोळ्यांसमोर घडलेलं होतं.

पण ते वाट आणि लाटा मोजून मापून जुळवलेल्या सायलेन्सरचं. नुसती पुंगळी उपटणं वेगळं. त्याने लाटांचा ताळमेळ बिघडतो, खालच्या वेगाला गाडी मरते, मिश्रण पातळ होतं. कार्बोरेटरचा जेट बदलला नाही तर एखाद्या उन्हाळ्यात, भर रस्त्यात, पिस्टन चिकटतो. जाणकार मेस्त्री दोन्ही कामं एकत्र करायचे. बाकीच्यांनी त्यातलं अर्धंच उचललं, जे ऐकू येत होतं ते.

टू-स्ट्रोकचा जमाना गेला. आरएक्स १०० १९९६ मध्ये बंद झाली, येझदीचा कारखानाही त्याच वर्षी. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि २००५ मध्ये आरएक्स १३५ ने निरोप घेतला. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल जळत नाही, कार्बन साचत नाही, त्यामुळे पुंगळी काढायची गरजच उरली नाही. बहुतेक कंपन्यांनी आतले कप्पे वेल्डिंग करूनच टाकले. एवढ्यावर हा विषय संपायला हवा होता.

संपला नाही, कारण बुलेट होती. आणि इथे आवाज ताकदीपासून पूर्णच सुटा झाला.

बुलेटचं ते प्रसिद्ध 'धक धक' कुठून येतं याचं गणित सोपं आहे. फोर-स्ट्रोकच्या एका सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांमागे एक स्फोट. जुनी बुलेट उभ्या जागी मिनिटाला ६०० फेऱ्यांवर ठेवली तर ३०० स्फोट, सेकंदाला ५. कानाला हे ठोके सुटे सुटे ऐकू येतात. आरएक्स १०० मध्ये प्रत्येक फेरीला स्फोट. साडेसात हजार फेऱ्यांना सेकंदाला १२५. ते ठोके राहत नाहीत, त्यांचा सूर होतो. म्हणून बुलेटचा ताल आणि आरएक्सचा सूर.

२००९ मध्ये क्लासिक आली ती नव्या इंजिनाची. लांबी-रुंदी तीच, ७० बाय ९० मिलिमीटर, पण ती उभ्या जागी हजाराच्या आसपास फिरते. म्हणजे सेकंदाला ८ ठोके. ताल द्रुत झाला आणि जुने बुलेटवाले हळहळले, "आवाज गेला." मग सुरू झाली सायलेन्सरची बाजारपेठ : गोल्डस्टार (हे नाव बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीच्या गाडीचं, पोरांना वाटतं सोनेरी स्टिकरमुळे), डॉल्फिन, पंजाब, इंदोरी. यातला कुठलाही लावा, ठोके सेकंदाला आठच पडणार, फक्त जोरात पडणार. हरवलेला ताल सायलेन्सर बदलून परत येत नाही, तो इंजिनात होता. हे मी मंचरच्या एका गॅरेजमध्ये कागदावर मांडून दाखवलं. मेस्त्रीने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "साहेब, गिऱ्हाईक गणित घेऊन येत नाही." असो.

फटाके हा त्याच्या पुढचा प्रकार. चालत्या गाडीची ठिणगी क्षणभर तोडायची, न जळालेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाऊ द्यायचं, पुन्हा ठिणगी द्यायची. ठो! ताकदीचा इथे दुरूनही संबंध नाही. २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांमध्ये तर धुराच्या वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजनचा सेन्सर असतो. ते काढून टाकणं म्हणजे चांगल्या गाडीला हातानेच आजारी पाडणं.

आता कायदा. १ जानेवारी २००३ पासून नव्या गाडीला आवाजाची मर्यादा अशी : ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, १७५ पर्यंत ७७, त्यावर ८०. हे मोजतात साडेसात मीटरवरून, जाता जाता पूर्ण रेस देऊन. पुण्यात हे काम एआरएआयचं. वेताळ टेकडीवर फिरायला जाणारे तिच्या भिंतीशेजारूनच जातात. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेविरुद्ध फेरफार चालणार नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर आवाजाचे निकष मोडल्यास १० हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स रद्द, अशी तरतूद आहे. अधूनमधून पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोड रोलर फिरवतात. फोटो झकास येतात. विकणारी दुकानं मात्र दुसऱ्या दिवशीही उघडी असतात, त्यामुळे मला त्या रोलरचं फारसं कौतुक नाही.

डेसिबल हा आकडा फसवा आहे. ७७ चे ९७ झाले तर "वीसने वाढला" असं वाटतं, प्रत्यक्षात ध्वनीची ऊर्जा शंभरपट होते. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी होतात. समजा एखादी बुलेट साडेसात मीटरवर ९७ ची आहे. हिशोब केला तर ४८० मीटरवर अजून ६१ उरतात (जमीन आणि झाडं थोडं शोषतात, ते सोडून). निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ आहे. पुण्यात हा आवाज बाकीच्या गोंगाटात बुडून जातो. लोणीत रात्री दहानंतर बुडायला काही नसतं. उघडं माळरान, एक गाडी धामणीकडून निघाली की गाव पार करून जाईपर्यंत प्रत्येक घर जागं. आजारी माणसं, रांगेतली तान्ही पोरं, दहावीचा अभ्यास, सगळं त्या अर्ध्या किलोमीटरच्या वर्तुळात येतं.

याला गावातून मिळालेलं एक उत्तर मात्र मला आजवर नीट खोडता आलेलं नाही. आमचे एक चुलते म्हणतात, "रातच्या लायटीला मोटार चालू करायला तू जातोस का मी? बिबट्याला कळायला नको का कोण येतंय ते?" जुन्नर वन विभागाचा हा पट्टा; उसात बिबट्या असणं इथे बातमी राहिलेली नाही. रात्री एकट्याने जाताना मोठ्याने बोला, मोबाईलवर गाणी लावा, असं वन खातंच सांगतं. शेतीला वीज रात्रीची मिळते तोवर आवाज हा काहींना शौक नाही, सोबत वाटते. त्यावर मी म्हटलं की गाणी लावा की मग, सायलेन्सर कशाला? चुलते म्हणाले, "मोबाईलची बॅटरी उतरते."

बाकी, पुण्याच्या जुन्या बाजारात गेल्या वर्षी एका मित्राबरोबर फिरत होतो. त्याने जुनी आरएक्स १०० घेतली आहे आणि ती जशी कारखान्यातून निघाली तशी करायची आहे. टाकी मिळाली, मीटर मिळालं, साइड पॅनेलसुद्धा. जी वस्तू चार रविवार शोधूनही मिळाली नाही ती म्हणजे मूळ यामाहाची पुंगळी. दुकानदार हसत म्हणाला, "ती तर लोकांनी पहिल्याच आठवड्यात फेकून दिलेली." सहाव्या रविवारी एक मिळाली, कार्बनने गच्च भरलेली. भावाची घासाघीस बराच वेळ चालली. सध्या ती त्याच्या बाल्कनीत कॉस्टिक सोड्याच्या बादलीत पडून आहे.