अजिंठ्याचं जहाज आणि खानदेशचा समुद्र

मागच्या व्याख्यानात आपण तापीकाठच्या बाजारपेठांपर्यंत आलो होतो. आज समुद्रावर जायचं आहे. जळगाव-धुळ्यात बसून समुद्राच्या गोष्टी कशाला, असं कुणालाही वाटेल. आपल्याकडे केळी आहे, कापूस आहे, मे महिन्याचं ऊन आहे. बंदर काही नाही. पण 29 डिसेंबर 2025 रोजी पोरबंदरहून एक शिडाचं जहाज मस्कतला निघालं, आणि ते ज्या चित्रावरून बांधलं ते चित्र जळगावपासून साठेक किलोमीटरवर आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात.

जहाजाचं नाव 'कौंडिण्य'. सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि गोव्याची 'होडी इनोव्हेशन्स' यांनी जुलै 2023 मध्ये करार केला, आणि केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली गोव्यात काम सुरू झालं. फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. लांबी सुमारे 20 मीटर. चौकोनी शिडं, आणि सुकाणू म्हणून मोठी वल्ही. इंजिन नाही. झोपायला खोली नाही. अशा जहाजावर दीड डझन माणसं गेली आणि 14 जानेवारी 2026 ला, म्हणजे ऐन संक्रांतीला, मस्कतला पोचली.

आता चित्राकडे येऊ. त्यात पूर्णाची कथा आहे. पूर्ण हा शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याजवळच्या सोपाऱ्याचा व्यापारी. पुढे तो भिक्षू झाला. त्याचा भाऊ चंदन आणायला समुद्रापार गेला आणि वादळात सापडला. त्याने पूर्णाचा धावा केला नि जहाज वाचलं. चित्रकाराने हा संकटाचा क्षण रंगवला, पण त्यात तीन डोलकाठ्या, नाळेवरचा डोळा आणि ओळीने ठेवलेले रांजणही दाखवले. रांजण बघा, आम्हाला फार महत्त्वाचे वाटतात. देवाधर्माच्या गोष्टीत रांजणांची काही गरज नव्हती. प्रवासात साठवण लागते, हे ठाऊक असलेल्या माणसानेच ते काढले असणार.

मग प्रश्न येतो: डोंगरातल्या चित्रकाराला जहाज कुठून माहीत? हे काम पाचव्या शतकातलं, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळचं. पण त्याआधीच, पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात लिहिलंय की पैठण भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आहे आणि तिथला माल गाड्यांतून बंदरावर येतो. नकाशा उघडा. पैठण ते भडोच ही रेघ अजिंठ्याच्या रांगेतून उतरते आणि तापीचं खोरं ओलांडते. आमचं म्हणणं एवढंच, की बंदर नसलं तरी बंदराची वाट आपल्या अंगणातून जात होती. पुढे मोगलाईत बऱ्हाणपूर-सुरत रस्त्यानेही तेच केलं. इंग्रजांनी धरणगावला वखार घातली ती काही हवापाण्यासाठी नव्हे. इथलं कापड त्यांना सुरतेला हवं होतं.

पण इथे जरा थांबू या. 'कौंडिण्य' म्हणजे पूर्वजांचं हुबेहूब जहाज, असं म्हणायचा मोह होतो. तो आवरायला हवा. चित्रात जहाजाचा बाहेरचा आकार आहे. आतली बांधणी नाही. शिलाई आली ती केरळच्या कारागिरांच्या हातातून. ते जहाज पाण्यावर कसं वागेल, हे आयआयटी मद्रासच्या चाचण्यांतून तपासलं. म्हणजे हा एक अंदाज आहे, अभ्यासाने बांधलेला. मग प्रवासाने सिद्ध काय झालं? असं जहाज अस्तित्वात होतंच, हे नव्हे. असं जहाज हिवाळ्यात, ईशान्येकडून वारा वाहतो त्या मोसमात, अरबी समुद्र पार करू शकतं, हे मात्र झालं. इतिहासात 'होतं' आणि 'होऊ शकत होतं' यांत फरक आहे, पण दुसरी गोष्ट कळणंही काही थोडं नाही. 1980-81 साली टिम सेवरिन यांनी असंच शिवलेलं 'सोहार' मस्कतहून चीनला नेलं होतं. त्याही सफरीचं मोल हेच.

आम्हाला खरी काळजी वेगळीच वाटते. शिलाई जाणणारे हात थोडे उरलेत, आणि भिंतीवरचा रंग दर पिढीला फिका होतोय. जहाज पुन्हा बांधता येईल. चित्र पुन्हा काढता येणार नाही. आपल्यातले कितीतरी जण फर्दापूरला उतरून एक, सोळा, सतरा नंबरची लेणी बघतात आणि परत येतात. पुढच्या खेपेला दुसऱ्या लेण्यात पाच मिनिटं जास्त थांबा. अंधाराला डोळे सरावले की ते रांजण दिसतात. मग खानदेशाला समुद्र नाही, असं म्हणणं जड जाईल.

पुढच्या वेळी धरणगावच्या वखारीबद्दल बोलू.