वर्धा येथील १९३९ चा निर्णय : मंत्रिमंडळांच्या राजीनाम्यांची मीमांसा

वर्धा येथे २२ व २३ ऑक्टोबर १९३९ रोजी भरलेल्या काँग्रेस कार्यकारिणीने प्रांतिक मंत्रिमंडळांना राजीनामे देण्याचा आदेश दिला. आणि नोव्हेंबर संपण्यापूर्वी आठ प्रांतांतील सत्ता काँग्रेसने स्वेच्छेने सोडली. पुढे अनेक अभ्यासकांनी हा निर्णय चुकीचा ठरविला. सत्तांतराच्या वाटाघाटी जवळून पाहिलेल्या व्ही. पी. मेनन यांनीही १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, काँग्रेसने हाती असलेले मोक्याचे स्थान यामुळे गमावले, असाच अभिप्राय दिला आहे. दूरदृष्टी व त्याग यांविषयी ख्यात असलेल्या पुढाऱ्यांनी असा निर्णय का घ्यावा, हा प्रश्न विचारार्ह आहे.

निर्णयामागील कारणे दुर्बल नव्हती. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी लोकप्रतिनिधींना न विचारता हिंदुस्थान युद्धात सामील झाल्याचे जाहीर केले. कार्यकारिणीने १४ सप्टेंबरच्या निवेदनात युद्धाची उद्दिष्टे स्पष्ट करण्याची मागणी केली. त्यावर व्हाइसरॉयांनी बावन्न व्यक्तींच्या भेटी घेतल्या. पण १७ ऑक्टोबरच्या घोषणेत युद्धोत्तर विचारविनिमय व एक सल्लागार मंडळ यांपलीकडे काही दिले नाही. कायद्यात दुरुस्ती करून युद्धकाळात प्रांतांना आदेश देण्याचा अधिकारही मध्यवर्ती सरकारने मिळविला होता. मंत्रिपदी राहणे म्हणजे संमतीवाचून लादलेल्या युद्धाची व्यवस्था स्वतः चालविणे होय, अशी ही कोंडी होती. शिवाय मे १९३९ मध्ये सुभाषचंद्र बोस यांनी फॉरवर्ड ब्लॉक स्थापन केल्यामुळे सत्तेला चिकटून राहिल्यास पक्षात फूट वाढण्याचे भय होते.

पूर्वानुभवही याच दिशेने नेणारा होता. १९२० व १९३० साली सरकारशी असहकार करूनच काँग्रेसची प्रतिष्ठा वाढली होती. तेच शस्त्र पुन्हा उपसले गेले. परंतु आता सामना केवळ सरकारशी उरला नव्हता. १९३७ च्या निवडणुकीत मुस्लिम लीगला मुसलमानांच्या राखीव जागांपैकी सुमारे चतुर्थांशच मिळाल्या होत्या. तिचे ते दौर्बल्य कायमचे आहे, असे गृहीत धरले गेले. वस्तुतः मध्यप्रांतातील विद्यामंदिर योजनेच्या नावावरून उठलेला वाद आणि १९३८ चा पीरपूर अहवाल यांतून बदलाची चिन्हे दिसत होती. म्हणून ही चूक केवळ पश्चातबुद्धीने शोधून काढलेली आहे, असे म्हणता येत नाही.

आणखी एक कारण पक्षाच्या रचनेत होते. वर्ध्यातच जुलै १९३८ मध्ये कार्यकारिणीने डॉ. ना. भा. खरे यांच्या वर्तनाचा निषेध केला व पं. रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री झाले. प्रांतिक मंत्री कोणास जबाबदार, याचा निर्णय तेव्हाच झाला होता. राज्यकारभार चालविणारे निराळे व तो सोडण्याचा आदेश देणारे निराळे, अशा स्थितीत सत्तात्यागाची प्रांतिक किंमत निर्णयाच्या तराजूत हलकी ठरली असावी.

ती किंमत लहान नव्हती. २२ डिसेंबर १९३९ रोजी जिना यांनी ‘मुक्तिदिन’ पाळला. मार्च १९४० मध्ये लाहोरचा ठराव झाला. आणि १९४३ पर्यंत बंगाल, सिंध, आसाम व वायव्य सरहद्द प्रांत येथे लीगच्या पुढाऱ्यांची मंत्रिमंडळे आली. मध्यप्रांतात गव्हर्नरची राजवट सुरू झाली. निर्णय ज्या वर्ध्यात झाला, त्याच जिल्ह्यातील आंजी (मोठी) सारख्या गावांच्या मतदारांनी १९३७ साली निवडलेले सरकार गेले, आणि १९४६ पर्यंत लोकनियुक्त मंत्रिमंडळ त्यांना लाभले नाही.

राजीनामे दिले नसते तर फाळणी टळली असती, असे अर्थातच सिद्ध करता येत नाही. निष्कर्ष मर्यादित आहे. स्वाभिमान राखून सत्तेत राहता येईल काय, या समोरच्या प्रश्नाला कार्यकारिणीने प्रामाणिक उत्तर दिले. रिकामी झालेली जागा कोण भरील, हा प्रश्न मात्र तिने पुरेसा विचारला नाही. आणि इतिहासाने तिची परीक्षा घेतली ती याच प्रश्नावर.